फितीआडचा चार

बोरदऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात स्मार्ट फळा येऊन चौदा महिने झाले होते आणि त्यावर अजून एक रेघही उमटली नव्हती. फळ्यात बिघाड काहीच नव्हता. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं, एवढंच.

बोरदरा म्हणजे नेकनूरहून आत सहा किलोमीटर. तिथल्या संस्थेचे अध्यक्ष मोहनराव, ज्यांना अख्खं गाव अण्णा म्हणतं, त्यांचा एक साधा नियम होता. फीत कापल्याशिवाय वस्तू वापरायची नाही. मागे पाण्याच्या टाकीची फीत कापायची राहिली, तेव्हा भरलेल्या टाकीशेजारून पोरं दोन उन्हाळे घरच्या बाटल्या घेऊन गेली होती. त्यामुळे फळ्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. अकरावी विज्ञानाच्या वर्गात तो भिंतीवर होता, त्याच्यावर आडवी लाल फीत ताणलेली होती आणि फितीच्या मधोमध ताटलीएवढं साटिनचं फूल होतं. शिपाई बंकट दर सोमवारी त्या फुलावरची धूळ झटकायचा. कात्री कुंकू लावून कपाटात ठेवलेली होती.

फीत कापायची होती आमदार विजयसिंह साहेबांनी. साहेबांनी आजवर पाच तारखा दिल्या होत्या आणि पाचही वेळा ते निघाले होते. निघाले होते यात शंका नको, कारण बंकट दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या ड्रायव्हरला फोन लावून माईकवरून सांगायचा. साहेब मांजरसुंब्याला आले. साहेब नेकनूरला आले. साहेब फाट्यावर आले. प्रत्येक वेळी अंतर कमी व्हायचं, मांडवातला बँड आणखी जोरात वाजायचा, आणि साहेब काही पोचायचे नाहीत.

गणिताच्या सत्यशीला मॅडम नेकनूरहून स्कूटीवर यायच्या. तीन वर्षं त्या इथं शिकवत होत्या. स्मार्ट फळ्याच्या शेजारी जो जुना काळा फळा होता त्यावर त्या लिहायच्या, आणि खडू मोडला की नजर आपोआप शेजारी जायची. मग त्या नजर परत आणायच्या आणि उरलेल्या अर्ध्या खडूनं पुढं लिहायच्या.

जानेवारीत लिमिटचं प्रकरण निघालं.

"एक्स दोनाच्या जवळ जातो," सत्यशीला म्हणाली. "अजून जवळ जातो. आणखी जवळ जातो. पण दोन होत नाही."

मागच्या बाकावरून हनुमान उठला. हा पोरगा उंचीला वर्गात पहिला आणि हजेरीत शेवटचा. "मॅडम, व्हायचंच न्हाई तर जातो कावून?"

वर्ग खिदळला. सत्यशीलाही हसली. मग घरी भाजी निवडताना तिच्या लक्षात आलं की प्रश्न अगदी बरोबर होता, आणि आपल्याकडे त्याला उत्तर नव्हतं. पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं उत्तर वाचून ती स्वतः पहिल्यांदा शिकली तेव्हाही तिला काही कळलं नव्हतं, फक्त मार्क मिळाले होते.

चाचणीत तिनं सोपं गणित घातलं. एक्सचा वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन; एक्स दोनाकडे जातो तेव्हा लिमिट किती? उत्तर चार. एकतीस पोरांपैकी चौघांनी चार लिहिलं. उरलेल्या सत्तावीस जणांनी पायऱ्या दाखवून, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: लिमिट बरोबर एरर.

शोध हनुमानचा होता. त्यानं फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये एक्सच्या जागी सरळ दोन टाकले होते. वर शून्य आले, खाली शून्य आले, कॅल्क्युलेटरनं एरर दाखवलं. हनुमान स्वभावानं दिलदार, त्यानं हे उत्तर आदल्या दिवशीच वर्गात वाटून टाकलं होतं.

त्या सत्तावीस जणांनी दोन दिवसांत गणित सोडून भूगोल घेण्याचे अर्ज दिले. भूगोलाच्या सरांनी पृथ्वीगोल धुऊन उन्हात वाळत घातला.

अण्णांनी सत्यशीलाला बोलावलं. समोर अर्जांचा गठ्ठा होता आणि त्यावर पेपरवेट म्हणून सुपारीचा अडकित्ता.

"मॅडम, तुमी लई चांगल्या. पोरं बी चांगली हायती," अण्णा म्हणाले. "म्हंजे गणितच वाईट असंल."

"अण्णा, मला थोडा वेळ द्या."

"येळ हाय की. वीस तारखेला सांजच्याला पाच वाजेपर्यंत अर्ज माघारी घेता येतो. पर गणितात वीस पोरं ऱ्हायली पायजेत. एकोणीस झाली तरी पुढल्या वर्षापास्नं तुकडी बंद. नियम माझा न्हाई, वरचा हाय."

तुकडी बंद झाली की गणितासाठी बीड. बोरदऱ्याची मुलं सकाळची बस धरून बीडला जातील, त्यात काही अडचण नव्हती. मुलींना कोण पाठवणार होतं? चाचणीत चार लिहिणाऱ्या त्या चौघांत पहिली आलेली धनश्री. तिचा बाप सटवा मेंढरं राखायचा, आणि त्यानं ॲडमिशनच्या दिवशीच फॉर्मवर सही करताना सांगितलं होतं, "मॅडम, हितं हाय तवर शिकू द्या. लांब म्हणलं की मला जमायचं न्हाई." सत्यशीलाला ते 'तवर' आता कानात टोचायला लागलं.

"अण्णा, तो फळा वापरू द्या. आलेख हलताना मोठा दिसला की पोरांना कळेल."

"उद्घाटन झालं की सकाळ-सांज वापरा."

"कधी होणार?"

"अठराला. पक्कं हाय."

"मागच्या वेळीही पक्कं होतं."

"मागच्या येळी पक्कं हुतं," अण्णांनी शांतपणे मान्य केलं. "ह्या येळी लई पक्कं हाय."

सत्यशीलानं एकोणीस तारखेला पुन्हा चाचणी जाहीर केली आणि हाताशी असेल त्यावर सुरुवात केली.

आधी तिनं आकडे घेतले. एक्सला १.९ ठेवा, उत्तर ३.९. १.९९ ठेवा, ३.९९. दुसऱ्या बाजूनं २.१, मग २.०१, मग २.००१. पोरांनी वह्या भरून टाकल्या. मग ती वर्ग मैदानावर घेऊन गेली. व्हॉलीबॉलच्या खांबापासून सोळा पावलांवर वैष्णवीला उभी केली. वैष्णवी ही धनश्रीची बाकावरची जोडीदारीण, सांगितलेलं काम शेवटपर्यंत करणारी. उरलेल्या अंतराच्या अर्धंच चालायचं, असा नियम. आठ पावलं, चार, दोन, एक, अर्धं, पाव. पुढे ती टाच उचलून बोटाबोटानं सरकायला लागली.

"मॅडम," वैष्णवी खांबाला डोळे तिरपे करून म्हणाली, "आता नाक लागतंय. नाक धरायचं का सोडायचं?"

मग तिनं आलेखाचं फुकट मिळणारं ॲप नऊ फोनांवर घालून दिलं. एकतीस डोकी नऊ फोनांवर वाकली. आलेख आला, सरळ, तिरपी, सुबक रेघ.

"दोनाच्या जागी ह्या रेघेला भोक आहे," सत्यशीला म्हणाली.

हनुमाननं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. अजून मोठं केलं. पंधरा दिवस तो जेवणाच्या सुट्टीतही चित्र मोठं करत होता. "मॅडम, भोक कुठंय? रेघ तर सलग हाय. तुमी म्हणता भोक हाय, कॅल्क्युलेटर म्हणतं एरर हाय, ॲप म्हणतं कायबी न्हाई. तिघांत एकमत तर करून या."

पोरांना हे सगळं आवडलं. समजलं का, असं विचारल्यावर ती एका सुरात हो म्हणाली, आणि एका सुरात हो म्हणणाऱ्या वर्गाचा सत्यशीलानं चांगलाच धसका घेतलेला होता.

अठरा तारीख उजाडली. मैदानावर मांडव पडला. चार गड्यांनी स्मार्ट फळा भिंतीवरून उतरवून, फीत-फूल सांभाळत, अण्णांच्या "सावकाश, सावकाश" अशा गजरात स्टेजवर आणून उभा केला. साहेब अकराला येणार होते. पावणेअकरालाच स्टेज भरलं. मधोमध एक सोफ्याची खुर्ची, तिच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल, आणि ती रिकामी. मुलं मांडवात मागच्या बाजूला सतरंजीवर बसली होती आणि सत्यशीला त्यांच्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर.

बारा वाजले. साहेब मांजरसुंब्याला आले होते. ती स्टेजकडे नुसती बघत होती, आणि बघता बघता ताठ बसली.

"हनुमान," ती हळूच म्हणाली, "स्टेजच्या डाव्या टोकाला कोण बसलंय?"

"बंकटमामा."

"त्याच्या पुढं, मधल्या खुर्चीकडं?"

"क्लार्क. मंग ग्रामपंचायतीचे मेंबर. मंग उपसरपंच. मंग सरपंच."

"आता उजव्या टोकाकडनं सांग."

वैष्णवी गुडघ्यांवर उठून बघायला लागली. "भूगोलाचे सर. प्राचार्य. सचिव. आन अण्णा."

"आणि मधल्या खुर्चीवर कोण?"

"साहेब," सगळी एकदम म्हणाली.

"साहेब आलेत का?"

"न्हाई."

"खुर्चीवर कुणी आहे का?"

"न्हाई."

"मग कसं सांगितलंत?"

धनश्रीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं, ते सोडलं. "मॅडम, खुर्ची बघून न्हाई सांगितलं. शेजारची माणसं बघून सांगितलं. डावीकडनं मोठा मोठा माणूस येत चाललाय, उजवीकडनं बी तसंच. दोन्हीकडनं एकाच माणसाकडं चाललंय."

"ह्यालाच लिमिट म्हणतात," सत्यशीला म्हणाली.

हनुमानच्या कपाळावर आठी पडली. ती आठी सत्यशीलानं वर्षभरात पहिल्यांदा बघितली. "आन साहेब आलेच न्हाईत तर?"

"तर खुर्ची रिकामी. लिमिट तीच."

"आन दुसरंच कोण येऊन बसलं तर? समजा, बंकटमामा जाऊन बसला?"

"तर खुर्चीवर बंकटमामा. लिमिट तरी साहेबच."

"थांबा थांबा," हनुमान आता कुजबुजायचं विसरला. "दिवाळीला पतसंस्थेच्या कार्यक्रमात डावीकडं एका पार्टीची माणसं हुती आन उजवीकडं दुसऱ्या. डावीकडच्यांना वाटत हुतं मदी आपला बसंल, उजवीकडच्यांना वाटत हुतं आपला. मंग तवा?"

"तूच सांग."

"तवा लिमिटच नव्हती की बे!" तो म्हणाला आणि मॅडमना बे म्हटल्याचं लक्षात येऊन त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. एकतीस पोरं इतकी हसली की स्टेजवरून अण्णांनी मान वर केली.

एक वाजला. साहेब नेकनूरला आले. दीड वाजता साहेब फाट्यावर आले आणि तिथून, ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे, 'पाच मिनिटांत' एका साखरपुड्याला जाऊन येणार होते. मांडवाच्या मागून वरणाला फोडणी बसल्याचा वास आला, तशा मागच्या दोन रांगा उठल्या. अण्णांच्या कपाळाला घाम फुटला. रिकाम्या खुर्चीची त्यांना सवय होती, रिकाम्या मांडवाची नव्हती.

"मॅडम," ते स्टेजवरून खाली येऊन म्हणाले, "पोरींचं स्वागतगीत पुन्यांदा म्हणता येईल का?"

"तीनदा झालंय, अण्णा. गणिताचा कार्यक्रम करू का?"

अण्णांनी तिच्याकडं, मग उठणाऱ्या तिसऱ्या रांगेकडं बघितलं. "करा. कायबी करा. पर फळ्याला हात लावायचा न्हाई."

"नाही लावणार."

तिनं लावलाच नाही. रिमोट बंकटच्या खिशात होता, चौदा महिने, प्लास्टिकच्या पिशवीसकट. रिमोटला फीत बांधलेली नव्हती. बंकटनं अण्णांकडं न बघता बटण दाबलं. फळा उजळला, त्यातून टिंग टिंग असं संगीत आलं आणि उठलेली माणसं टाळ्या वाजवून परत बसली. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम होता. सत्यशीलानं आपल्या फोनचा पडदा फळ्यावर पाठवला आणि हातातल्या फोनवरच बोटं फिरवून आलेख सरकवत नेला. जागा तिला आधीच दिसली होती. एक्स दोन आणि उत्तर चार, हा बिंदू तिनं बरोबर साटिनच्या फुलाआड नेऊन ठेवला.

आता डावीकडून एक निळी रेघ वर चढत येत होती आणि फुलाखाली गडप होत होती. उजवीकडं तीच रेघ फुलाखालून बाहेर पडत होती. मधे काय होतं ते कुणालाच दिसत नव्हतं.

"वैष्णवी, डावीकडून वाच."

वैष्णवीनं माईक घट्ट धरला. "तीन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक नऊ नऊ. तीन पूर्णांक नऊ नऊ नऊ."

"धनश्री, उजवीकडून."

"चार पूर्णांक एक. चार पूर्णांक शून्य एक. चार पूर्णांक शून्य शून्य एक."

सत्यशीला लोकांकडं वळली. "फुलाआड कुठला आकडा आहे? कुणी सांगेल?"

सरपंचांनी उपसरपंचांकडं बघितलं. उपसरपंचांनी चहाच्या कपाकडं. तेवढ्यात मांडवाच्या अगदी शेवटी, बांबूला टेकून उभा असलेला सटवा घसा खाकरला. लेकीचं भाषण आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो मेंढरं भावाकडं सोपवून आला होता.

"बोलू का?"

"बोला की, सटवाभाऊ."

"मला आकड्यातलं कळत न्हाई," सटवा म्हणाला. "पर माझी मेंढरं ह्या अंगानं उतरत्यात, बायनाबाईची त्या अंगानं. मदी बाभळीची जाळी हाय. दोन्ही कळप त्या जाळीकडंच चालल्यात. मला जाळीआडचं दिसत न्हाई, पर पाणी तितंच हाय, हे काय कुणाला इचारायला लागतं व्हय?" त्यानं फुलाकडं बोट केलं. "तितं चार हाय."

मांडवात टाळ्या अशा पडल्या की साहेबांच्या नावानं वाजवायला आणलेला बँड आपोआप सुरू झाला. धनश्री बापाकडं बघत होती आणि बाप आपल्याच पायाकडं.

बँड थांबला तसा हनुमान सतरंजीवरून उठून सरळ स्टेजवर आला. "मॅडम, फूल उचलून बघू का?"

अण्णा निम्मे उठले. मांडवातली चारशे माणसं त्यांच्याकडं बघत होती. ते परत बसले. "फुलाला हात लाव," ते म्हणाले. "फळ्याला नगं."

हनुमाननं दोन बोटांनी फुलाची पाकळी उचलली, डोकं आत घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. आत सत्यशीलानं ॲपमध्ये एक छोटं पोकळ वर्तुळ काढून ठेवलं होतं.

"भोक हाय!" फुलाआडून आवाज आला. मग डोकं बाहेर आलं, केसांत साटिनचा एक धागा अडकलेला. "भोक हाय, मॅडम! रिकामं हाय. पर चारवरच हाय!"

साहेब त्या दिवशी आले नाहीत. जेवणाच्या पंगतीत त्यांचं नाव दोनदाच निघालं, आणि दोन्ही वेळा उदाहरण म्हणून.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. सत्यशीलानं पेपर कॉलेजातच तपासायला घेतले, घरी न्यायचा धीर नव्हता. धनश्रीचा पेपर, वैष्णवीचा, आणखी पाच, आणखी दहा. चार. चार. चार. हनुमानचा पेपर तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यात त्यानं दोन रेघा मारून लिहिलं होतं, आणि अक्षर जरा मोठंच काढलं होतं:

*एक्स बरोबर दोन ठेवल्यावर: एरर.*
*लिमिट: ४.*
*दोन्ही बरोबर हायती.*

तिनं पैकीच्या पैकी मार्क दिले. मग लाल पेनानं त्या तिसऱ्या ओळीखाली तिनंही दोन रेघा मारल्या.

वीस तारखेला बंकट अर्जांचा गठ्ठा घेऊन कार्यालयाच्या दाराशी बसला. दुपारपर्यंत बारा अर्ज माघारी गेले. तीन वाजता वीस. साडेचारला सव्वीस. सत्यशीला स्टाफरूममध्ये वह्या उलटसुलट लावत होती आणि दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला बाहेर येत होती. तिला हवे होते वीस विद्यार्थी; तीस झाले होते. तरी ती येत राहिली.

पाचाला चार मिनिटं कमी असताना हनुमान आला.

"माझा अर्ज?"

"शेवटचा तुझाच ऱ्हायलाय," बंकट म्हणाला. "येतोस का न्हाई, मला वाटलं."

"येणारच हुतो. मॅडमना बघत बसलो हुतो," हनुमान म्हणाला, "किती येळा पाणी पित्यात ते."

तुकडी एकतीसच्या एकतीस राहिली. अण्णांनी नोटीस काढली की स्मार्ट फळा गणिताच्या तासाला वापरण्यास परवानगी आहे. मात्र फीत जागेवर राहील, ती साहेबच कापतील. आणि फुलाबद्दल खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की ते मधेच असू द्यावे, शिकवायला बरे पडते. भूगोलाच्या सरांनी पृथ्वीगोल उचलून आणला आणि सत्यशीलाच्या टेबलावर ठेवला. "तुम्हाला कुठं लागला तर," ते म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले.

शनिवारी सटवा फाटकापाशी उभा होता. धनश्रीची बारावीची पुस्तकं कधी मिळतील, हे त्याला विचारायचं होतं. 'तवर' हा शब्द त्यानं या वेळी काढला नाही.

सोमवारी सत्यशीला फळ्यापुढं उभी राहिली, बोटानं एक वक्र काढला आणि तो फितीखालून अलगद पलीकडं नेला. वर्ग माना वाकड्या करून बघत होता. तेवढ्यात दारात बंकट आला, कानाला फोन लावलेला.

"मॅडम, साहेब निघालेत म्हणं. फाट्यावर आलेत."

कुणीच उठलं नाही. मागच्या बाकावरून हनुमान म्हणाला, "येऊ द्या जवळ जवळ," आणि वर्गानं पुढच्या गणितासाठी वहीचं पान उलटलं.